शेजारी बसण्याचं काम

२३ जानेवारी २०२५, गुरुवार

ही वही कीर्तीनं दिली. "रोज चार ओळी लिही," म्हणाली, "तुझं मराठी जरा माणसात येईल." घ्या! तीनशे वर्षं आमच्या घराण्यानं कुंभकोणमात राहून ही भाषा सांभाळली, उंबऱ्याबाहेर तामिळ आणि उंबऱ्याच्या आत मराठी, आणि लग्नात सांगलीला हिच्या मावशीनं मला विचारलं, "जावईबापू, थेट पेशवाईतून आलात का?" सगळा मांडव हसला. मीही हसलो. करतो काय? पण त्या मावशीनं पुढे केलेला लाडू मी मुद्दाम खाल्ला नाही.

तर हे सगळं कीर्तीच्या मराठीत. 'कोठें' नाही, 'कुठे'. 'जालें' नाही, 'झालं'. पहिल्या पानावर शाळेतल्यासारखी स्वतःची ओळख लिहायची, हाही तिचाच हुकूम. मी विश्वेश, वय बत्तीस. चेन्नईच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरी बसून करतो. घरात मी, अम्मा आणि सोळा तारखेपासून कीर्ती. कीर्ती सांगलीच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. तीन महिन्यांची बिनपगारी रजा घेऊन आलीय. पंधरा एप्रिलला रजा संपते. तोवर इथं जमलं तर ती इथूनच राजीनामा पाठवणार, असं लग्नाआधी ठरलंय.

आता यात 'जमलं तर' हे आपलं बोलायचं म्हणून. परमुलखात आलेल्या मुलीला खरा त्रास असतो तो भाषेचा, आणि तो आमच्याकडे नाहीच. सोयरीक जुळवताना दोन्हीकडची मंडळी हेच म्हणाली, भाषेचा प्रश्न नाही, मग बाकी काय, आपोआप होतं.

२५ जानेवारी, शनिवार

कीर्तीनं विचारलं, "तू नेमकं करतोस काय?"

सांगितलं. आमचं सॉफ्टवेअर आहे, 'वरिसै' नावाचं. वरिसै म्हणजे रांग. समया आणि मूर्ती घडवणाऱ्या कारखान्यांसाठी. कोणाची ऑर्डर, कुठवर आली, कधी द्यायची, सगळं फोनवर. पहिले चौदा दिवस फुकट, पुढे महिन्याची वर्गणी. लोक हौसेनं घेतात आणि चौदा दिवसांच्या आत निघून जातात, शंभरातले ऐंशी. ते का जातात हे शोधायचं आणि सुरुवातच अशी करायची की नवा माणूस टिकला पाहिजे. याला ऑनबोर्डिंग म्हणतात.

"म्हणजे नव्या माणसाला रुळवायचं?"

"अगदी बरोबर."

"आणि हे काम तू करतोस?"

"आमच्या कंपनीत माझ्याइतकं कोणाला जमत नाही."

ती खूप वेळ हसली. एवढं हसण्यासारखं काय होतं कळलं नाही, पण हसताना फार छान दिसते. तिच्या दाताला एका बाजूला जरासा टवका आहे. तो लग्नाआधीच्या फोटोत दिसत नव्हता.

४ फेब्रुवारी, मंगळवार

नाचियार्कोविलला गेलो होतो. महालिंग नावाचे समयावाले आहेत, पन्नाशीचे, पितळेचं काम पिढीजात. त्यांनी 'वरिसै' घेऊन दोन दिवसांत सोडलं होतं. म्हटलं, माझ्यासमोर परत एकदा सुरू करा, मी नुसता बघतो.

बघवेना. आम्ही अकरा पानं केलीत. कारखान्याचं नाव, पत्ता, कामगार किती, समयांचे प्रकार किती. चौथ्या पानावर 'तुमचं बोधचिन्ह टाका'. महालिंगांनी मान वर केली. मला ते तंबी म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. "तंबी, ते नव्हतं माझ्याकडे. म्हणून मागल्या वेळी पुतण्याला काढायला सांगितलं. त्याला दोन दिवस लागले. तोवर मी विसरलो आपण कशाला आलो होतो." नंतर जिथं तिथं रंगीत फुगे उघडतात, हे बटण याचं, ते बटण त्याचं, 'पुढे' दाबा, 'पुढे' दाबा. ते बिचारे दाबत राहिले. शेवटी म्हणाले, "सगळं सांगितलंत, पण मी करायचं काय?"

कपाळावर हात मारून घेतला. अकराच्या अकरा पानं मीच केलेली.

घरी येऊन कीर्तीला ही गंमत सांगितली. ती म्हणाली, "अम्मांनी मला पहिल्या दिवशी घर दाखवलं तसंच की रे." खरंच! अम्मानं एका सकाळी तिला सोवळ्याची भांडी, ओवळ्याची भांडी, कुठल्या डब्यात कुठली पोडी (कोरडी चटणी), कुठल्या दिवशी कांदा नाही, कोलमची रांगोळी कोणत्या बाजूनं सुरू करायची, दूधवाल्याला काय सांगायचं, फूलवालीला काय सांगायचं नाही, सगळं दाखवून टाकलं. आणि तेव्हापासून स्वयंपाकघरात तिला काही करूच देत नाही. "असू दे, मी करत्यें, तुला ठाव नाही," म्हणते. आम्ही दोघं हसलो यावर. म्हणजे मी जास्त हसलो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कीर्ती रोज दहा तामिळ शब्द शिकव म्हणून मागे लागलीय. "मला इथं काम करायचंय. पेशंटशी बोलायला नको?" बरोबर आहे. शुक्रवारी आणि शनिवारी शिकवले. पण तिच्या तोंडून केळ्याचा तामिळ शब्द, 'वाळैप्पळम्', ऐकला आणि मला आणि अम्माला हसू आवरेना. अम्मानं तिला परत परत म्हणायला लावलं, शेजारच्या सरोजामामींनाही बोलावून ऐकवलं. मायेनंच हो. पण कीर्ती नंतर म्हणाली, आज डोकं दुखतंय, उद्या बघू. चार दिवस झाले, 'उद्या' आलेला नाही. मीही आठवण केली नाही. श्रीविद्यानं (माझी चेन्नईची साहेब) नवा आराखडा मागितलाय. तिमाही संपेपर्यंत शंभरातले निदान चाळीस टिकले पाहिजेत, नाहीतर 'वरिसै' बंद.

शिवाय घाई काय आहे? घरात आपली भाषा आहेच.

कीर्तीनं वहीत लाल पेन्सिलीनं नऊ चुका काढल्या. मग म्हणाली, "यापुढे तुझी तू लिही. मी नाही वाचणार. माणसाला एक जागा असावी मनातलं बोलायला." तिची अशी जागा कुठे आहे, विचारायला हवं होतं. फोन वाजला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज भलतंच झालं. सरोजामामींचा खांदा महिनाभर आखडलाय. अम्मानं त्यांना सांगितलं, आमची सून हेच शिकलीय. त्या सकाळी आल्या. कीर्तीनं केस बांधले, चटई अंथरली, पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज मोठा ऐकला. मग माझ्या दाराशी आली. "विश्वेश, जरा ये ना. कुठे दुखतं, रात्री जास्त दुखतं का, एवढंच विचारायचंय. अम्मा देवळात गेल्यात."

मी मीटिंगमध्ये होतो. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एक छोटं यश मिळालं पाहिजे, हाच मुद्दा मी मांडत होतो. बोट वर करून म्हटलं, "दोन मिनिटं."

बाहेर आलो तर तास उलटून गेलेला. मामी निघून गेल्या होत्या. खुणांनी चालवायला गेली तर मामींना वाटलं ती हात ओढणार, घाबरल्या. चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केलेली. "अगं, हाक मारायचीस परत," मी म्हटलं. ती म्हणाली, "मारली होती दोनदा." मला ऐकू आलं नाही, कानात हेडफोन होते. याला मी काय करू? कामच तसं आहे. चिडलो थोडा. ती नाही चिडली.

मीटिंग मात्र उत्तम झाली. श्रीविद्या म्हणाली, मुद्दा अगदी मर्माचा आहे.

२ मार्च, रविवार

अम्मानं आम्हा दोघांना तिरुनागेश्वरम्‌ला पिटाळलं. राहुकाळात राहूला दुधाचा अभिषेक करा, सगळं सुरळीत होतें म्हणाली. "काय सुरळीत व्हायचंय?" मी विचारलं. अम्मा म्हणाली, "पोर जेवत नाहीं, तुला दिसत नाहीं का?" मला वाटलं, आपलं तिखट तिला सोसत नसेल.

गर्दी खूप. मूर्तीवरून ओघळताना दूध निळं दिसतं, ते बघायला सगळे माना उंचावतात. कीर्ती लहान मुलीसारखी माझा दंड धरून टाचा उंचावत होती. "दिसलं! दिसलं रे!" तेवढ्यात श्रीविद्याचा फोन. मी प्रदक्षिणेच्या वाटेवर जाऊन बोललो. परत आलो तेव्हा ती खांबाला टेकून उभी होती आणि एक म्हातारी तिला तामिळमध्ये काहीबाही सांगत होती. कीर्ती मान हलवत होती. मी विचारलं, काय म्हणत होत्या? "काय माहीत," म्हणाली, "पण मायेनं बोलत होत्या. तेवढं कळतं."

परतीच्या बसमध्ये तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. सुरळीत झालं म्हणायचं.

८ मार्च, शनिवार

आजचा दिवस सोन्याचा! महालिंगांकडे गेलो होतो. त्यांच्याकडे एक नवा कारागीर आलाय, तिशीतला, आधी भाताच्या गिरणीत होता. मी सहज विचारलं, नव्या माणसाला तुम्ही समई शिकवता कशी?

ते म्हणाले, "समई नाही शिकवत, तंबी. पहिल्या दिवशी त्याला फक्त वरचा हंस देतो. हंसाचा एक पंख कानसून घे म्हणतो, बस्स. संध्याकाळी तोच हंस तयार समईवर बसवतो आणि वात लावतो. त्याला वाटतं, समई मीच केली. मग तो उद्या येतो."

"आणि त्यानं पंख बिघडवला तर?"

"बिघडवणारच. म्हणून मी दिवसभर शेजारी बसतो. बोलत नाही. हसत तर मुळीच नाही. नव्या माणसाला हसलात तर तो हात आवरून घेतो, मग त्याला काही येत नाही. पहिले दिवस शेजारी बसणं हेच मालकाचं काम. नंतर काय, तो आपला आपण करतो."

बसमध्ये उभ्या उभ्या सगळं मांडलं. अकरा पानं रद्द! एकच पान. 'आज काय घडवताय? फोटो काढा.' फोटो काढला की गिऱ्हाईकाला आपोआप जाईल. आणि पहिल्या आठवड्यात आमचा माणूस प्रत्येक नव्या कारखान्याशी फोनवर रोज दहा मिनिटं बोलेल. शिकवणार नाही, नुसता सोबत असेल. श्रीविद्याला फोनवरच सांगितलं. ती म्हणाली, विश्वेश, तुला माणसं कळतात.

घरी आल्यावर कीर्तीला सांगायचं होतं. ती गच्चीवर सांगलीला फोनवर बोलत होती. बराच वेळ चाललं होतं, मग मी कामाला लागलो.

१९ मार्च, बुधवार

परवा नवं 'वरिसै' बाहेर पडणार. जेवायला वेळ नाही. आज दुपारी कीर्ती एक निळी वही घेऊन आली. "दहा मिनिटं आहेत का? एक सांगायचंय आणि थोडं विचारायचंय."

"शुक्रवारनंतर विचार, शहाणी ना तू?"

"शुक्रवारनंतर नक्की? मला एक तारखेच्या आत हवंय."

"नक्की गं."

"तुझ्या खणात ठेवते. मध्येच वेळ मिळाला तर भर." खण उघडून ती वही आत ठेवली आणि गेली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, खुशीसारखं. वाढदिवसाचं वगैरे असेल. माझा पाच एप्रिलला असतो.

२१ मार्च, शुक्रवार

बाहेर पडलं! दिवसभर नुसते फोन. एकही अडचण नाही म्हणता येणार नाही, पण मोठी नाही. अम्मानं डांगर पच्चडी केली होती, दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ. कीर्तीनं वाढली. काहीतरी विसरतोय असं सारखं वाटत होतं, मग आठवलं, श्रीविद्याला अहवाल पाठवायचा होता. पाठवला.

२७ मार्च, गुरुवार

हे नीट लिहून ठेवलं पाहिजे.

सकाळपासून महालिंगांच्या शेजारी बसलो होतो. फोन मुका करून ठेवला, त्यांचं लक्ष उडू नये म्हणून. त्यांनी अर्धवट समईचा फोटो काढला, पाठवला. दहा मिनिटांत कोइम्बतूरच्या गिऱ्हाईकाचा फोन! "आमचा हंस फार देखणा झालाय हो, आईला दाखवला, ती रडली." महालिंगांनी फोन ठेवला आणि हंसाचा पंख फडक्यानं पुसला. तीस वर्षांत समई तयार व्हायच्या आधी कोणी त्यांना देखणी म्हटलं नव्हतं. मग त्यांनी ओळीनं सात फोटो काढले. मी सहा तास बसलो. निघताना त्यांनी एक वीतभर समई हातात दिली. "घरी नवी सून आलीय ना? तिला द्या. तिलाच लावायला सांगा."

बसस्टॉपवर फोन बघितला. कीर्तीचे तीन फोन येऊन गेलेले.

घरी पोचलो तर ती ओसरीवर बसलेली, पायाची चप्पल तुटलेली, पाय धुळीनं भरलेले. स्वामीमलैच्या रस्त्याला कुठेतरी गेली होती, येताना भलत्याच बसमध्ये चढली. पाट्या वाचता येत नाहीत. कंडक्टर काय विचारतोय कळेना, त्यानं मध्येच उतरवलं. दोन्ही बाजूंना भातखाचरं, माणूस नाही. अडीच तास चालत, विचारत आली.

"कशाला गेली होतीस तिकडे एकटी?"

"काम होतं. झालं ते."

"मला सांगायचंस ना!"

तिनं तुटकी चप्पल बाजूला सारली. म्हणाली, "पोचले ना. जाऊ दे."

मी खरंच घाबरलो होतो, आणि घाबरलो की मी ओरडतो. ओरडलो. तेही तामिळमध्ये, रागाच्या भरात मला मराठी सुचत नाही. ती शांतपणे ऐकत राहिली, शब्द कळत नसताना. समई द्यायची राहून गेली. उद्या देईन.

२ एप्रिल, बुधवार

पहिले आकडे आले. शंभरातले सेहेचाळीस टिकलेत! श्रीविद्या फोनवर अक्षरशः ओरडली. तिनं एक छान गोष्ट सांगितली, सगळ्यांना दाखवायच्या तक्त्यात टाकणार आहे. म्हणाली, तक्रार करणाऱ्या माणसाची काळजी करू नये, त्याला राहायचं असतं. जो एकदम गप्प होतो तो मनानं गेलेला असतो, फक्त तारीख उरलेली असते. वा! अगदी खरं.

घरातही आता सगळं ठीक आहे. कीर्ती रुळली. काही मागत नाही, विचारत नाही, अम्मा देईल ते खाते. त्या दिवशीचं एका शब्दानं काढलं नाही. समई दिली, तिनं देवापाशी ठेवली. राजीनाम्याचं पत्र लिहायला मदत करू का विचारलं तर म्हणाली, "बघते मी."

९ एप्रिल, बुधवार

कीर्ती जाते आहे.

शनिवारी. संध्याकाळच्या मैसूर गाडीनं बंगळूरपर्यंत, तिथून सांगलीला. तिकीट आठ दिवसांपूर्वीच काढलं होतं. सोळा तारखेला कामावर हजर होणार.

"किती दिवसांसाठी?" मी विचारलं. मूर्खासारखं.

"मी तिकडेच राहते आता विश्वेश."

मी कारण विचारलं. तिखट का? अम्मा काही बोलली का? मी ओरडलो म्हणून? माणूस 'वरिसै' सोडताना आम्ही कारणांची यादी दाखवतो, तसं मी एकेक कारण तिच्यापुढे ठेवत गेलो. ती प्रत्येकाला नाही म्हणाली. "कोणी वाईट नाही रे इथं. अम्मा तर सोन्यासारख्या आहेत. तूही वाईट नाहीस. मी तीन महिने दारातच उभी आहे. आता पाय दुखले."

मी म्हटलं, राहा, मी बदलेन. ती म्हणाली, "तू म्हणशील ते करशीलही. पण मला आता मागायचं बळ नाही."

मी तिच्यासमोर रडलो. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं. ती नाही रडली. तिचं रडून झालं होतं, कधी ते मला माहीत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

स्टेशन. अम्मानं डबा दिला, दहीभात आणि लोणचं. कीर्ती तिच्या पाया पडली. अम्मानं तिला उठवून कवळलं आणि सोडेना. गाडी आली तेव्हा फलाटावर घोषणा झाली, तामिळमध्ये. कीर्ती मला म्हणाली, "चार नंबरचा डबा पुढे आहे म्हणताहेत. चल." माझ्या लक्षात आलं, तिला कळलं. मी सांगितलं नव्हतं. कधी शिकली?

समई नेली नाही. "तिथं सांडेल," म्हणाली. कोरडी समई, सांडायचं काय होतं तिच्यात?

१४ एप्रिल, सोमवार

तामिळ नवं वर्ष. रस्ताभर कोलम. अम्मानं कैरीची पच्चडी केली आणि दोघांनीही खाल्ली नाही.

अम्मा एकदम म्हणाली, "मी त्रिचीहून आल्यें तेव्हां तुझ्या आजीनें मला सहा महिने आपल्या बाजूस बसवलें. भाजी निवडतानाही. मी तिला तसें काय म्हणून केलें नाहीं रे? वाटलें, आपलीच भाषा. तिला काय शिकवायचें." आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी तिच्याजवळ बसलो.

२९ एप्रिल, मंगळवार

आज खण उघडला, चार्जर शोधायला. वर निळी वही.

उघडली. पहिल्या पानावर लिहिलंय: 'स्वामीमलै रस्ता, डॉ. हरिप्रिया यांचं क्लिनिक. आज भेटले (१७ मार्च). चांगल्या आहेत. इंग्रजी बोलतात, पण पेशंट फक्त तामिळ. म्हणाल्या, चाळीस वाक्यं पाठ करून ये, एक एप्रिलपासून लाग. जागा ठेवते. घरी आत्ता सांगत नाही. आधी विश्वेशला, मग अम्मांना. मग राजीनामा पाठवते.'

पुढे चाळीस वाक्यं. डावीकडे मराठी, उजवीकडे तामिळसाठी जागा, मराठी अक्षरांत लिहायला आखलेली. नऊ भरलेली आहेत. ऐकून ऐकून तिनं स्वतः भरलीत, कुठे दूधवाल्याकडून, कुठे टीव्हीवरून, थोडी चुकीची. एका वाक्यापुढे लिहिलंय, 'सरोजामामी असं म्हणाल्या वाटतं, विश्वेशला विचारणे.' बाकी एकतीस रिकामी. प्रत्येकापुढे 'विश्वेशला विचारणे', 'विश्वेशला विचारणे'. दहाव्यानंतर नुसतं 'वि.'

शेवटच्या पानावर पेन्सिलीनं एक ओळ. ही तिनं माझ्या खणातली वही परत काढून लिहिली असणार, मी घरात नसताना. 'एकतीस अजून कोरी. २७ मार्चला डॉक्टरांना जाऊन सांगितलं, जमणार नाही.'

सत्तावीस. मी सहा तास महालिंगांच्या शेजारी बसलो होतो.

दार लावून घेतलं. श्रीविद्याचे फोन येत होते, घेतले नाहीत. एकेक वाक्य भरायला घेतलं. 'कुठे दुखतंय?' एंग वलिक्कुदु? 'घाबरू नका.' बयप्पडादींग. तिच्या जिभेला सोपं पडेल असं लिहिलं, जिथं अडेल तिथं तोडून लिहिलं. तिनं भरलेली नऊ तपासली. चुका काढल्या नाहीत, त्या तशाच बोलल्या तरी पेशंटला कळलं असतं. चाळिसावं वाक्य होतं, 'मी इथं नवी आहे. थोडं सांभाळून घ्या.' ते लिहायला बराच वेळ लागला. नान् इंग पुदुसु. कोंजम् पोरुत्तुक्कोंग.

सगळं मिळून पाऊण तास. घड्याळात बघितलं. पाऊण तास लागला फक्त.

पानांचे फोटो काढून तिला पाठवले. बाकी काही लिहिलं नाही. ती दुपारच्या सुट्टीत असेल, लगेच बघितले. बराच वेळ 'लिहीत आहे' असं दिसत होतं, मग थांबलं, मग परत दिसलं. मग आलं:

'छान लिहिलंयस. अगदी कळतंय. पण माझे इथले पेशंट मराठी बोलतात रे.'

अम्मानं दाराशी येऊन विचारलं, "कीर्तीचें का? काय म्हणते?"

मी म्हटलं, "छान लिहिलंय म्हणते."